कोनेमारातल्या गडग्यांचं एचिंग: डोंगर मागे जात नाहीत, आभाळ डागाळतं

रेघावळ:

नमस्कार मंडळी. तांब्याच्या प्लेटवर (२० × ३० सेंमी, जाडी १.२ मिमी) पश्चिम आयर्लंडमधल्या कोनेमाराचं एक दृश्य एचिंगने (ॲसिडने तांब्यात रेघा खोदून छापण्याच्या पद्धतीने) करते आहे. पुढे रचाईचा दगडी गडगा, त्याच्या मागे पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापलेली दलदल, क्षितिजावर ट्वेल्व्ह बेन्सचे डोंगर आणि वरचा अर्धा भाग आभाळ. रेघांसाठी हार्ड ग्राउंड (ॲसिड अडवणारा थर, त्यात सुईने रेघा काढतात) आणि तांबं चावणारं फेरिक क्लोराइड, आभाळासाठी राळेचा ॲक्वाटिंट (राळेच्या कणांमधून चावून मिळणारी सलग छटा). शिक्षण मुंबईत झाल्यामुळे बाइटच्या (प्लेट ॲसिडने चावली जाण्याच्या) वेळाही तिथल्याच लावल्या: डोंगर ५ मिनिटं, दलदल १०, गडगा २०. सगळं आधी रेखाटून घेतलं, मग एकेक भाग स्टॉप-आउट करत (वार्निशने झाकत) गेले. शेड गॉलवेजवळ आहे. हिवाळ्यात आतलं तापमान १०-१२ अंशांवर जात नाही.

पहिल्या प्रूफमध्ये (चाचणीच्या छापात) डोंगर आणि गडगा एकाच वजनाचे उतरले आहेत. गडग्याचे दगड वेगळे दिसत नाहीत, आडव्याउभ्या छायारेघांचा एक काळपट पट्टा झाला आहे. आभाळाचा ॲक्वाटिंट खरबरीत आलाय आणि डाव्या कडेला फिकट पट्टे आहेत.

प्लेट वाचवायची आहे. बाइटचा क्रम बदलायचा का? आभाळ घासून काढायचं की त्यावरच पुन्हा ॲक्वाटिंट द्यायचा? आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागावरची अभ्यासासारखी जुनी मुद्राचित्रं कोणती?

ताम्रपट:

आधी तापमानाचं बघा, बाकीचं बरंचसं त्यातच आहे. फेरिकचा वेग गारठ्यात चांगलाच पडतो. मुंबईतल्या खोलीत बाथ २८-३० अंशांवर असतो, तुमचा ११ वर. म्हणजे २० मिनिटांत गडग्याला जेमतेम पाच-सात मिनिटांचा बाइट मिळाला, आणि डोंगर व गडगा यांतला फरक तेवढाच आकसला. ट्रेखाली रोपवाटिकेत वापरतात तशी गरम चटई ठेवा किंवा ट्रे कोमट पाण्याच्या मोठ्या टबात बसवा. बाथ २० ते २२ अंशांवर आणा आणि रोज त्याच तापमानाला काम करा. बाथमध्ये थर्मामीटर कायमचा ठेवा. तो नसेल तर मिनिटं मोजण्याला काही अर्थ नाही.

त्याच तांब्याची दोन बोटं रुंद पट्टी कापून तिच्यावर ग्राउंड लावा, रेघांचे सहा गट काढा आणि ५, १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांवर एकेक गट झाका. ही पट्टी छापून भिंतीवर लावली की पुढचा अंदाज त्यावरून करता येतो. ४२ बोमेच्या (बोमे हे द्रावाच्या घनतेचं माप) फेरिकमध्ये तेवढंच पाणी घातलेला ताजा बाथ २० अंशांवर असेल, तर दूरच्या डोंगरांना एकूण ८-१० मिनिटं, दलदलीला २५ आणि गडग्याला ६० ते ७० मिनिटं धरून चाला. बाथ जुना झाला की या वेळा वाढतात.

फेरिक घट्ट असलं की जास्त जोरात चावेल असं वाटतं, ते खरं नाही. बाटलीतलं ४२ बोमेचं फेरिक पाणी घातल्यावर अधिक वेगाने काम करतं, कारण दाट द्रावात विरघळलेलं तांबं रेघेतून लवकर बाहेर पडत नाही.

क्रमाबद्दल. सगळं आधी रेखाटून मागचं झाकत जाण्यापेक्षा या दृश्याला उलटी रीत चांगली. ग्राउंडवर फक्त गडगा काढा आणि ४० मिनिटं चावू द्या. प्लेट धुवा, वाळवा, त्याच ग्राउंडवर दलदल काढा, १५ मिनिटं. मग डोंगर, १० मिनिटं. गडग्याला आपोआप ६५, दलदलीला २५ आणि डोंगराला १० मिळतात. ब्रशने झाकताना डोंगराच्या पायथ्याशी वार्निशची जी कडक कड उमटते ती यात येत नाही. दुसरा फायदा हाताचा आहे: डोंगर सगळ्यांत शेवटी येतो तेव्हा पुढचा गडगा किती गडद झालाय ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे डोंगरावर गरजेपेक्षा जास्त रेघा पडत नाहीत.

फेरिकमध्ये रेघ सरळ खाली जाते, बाजूला फारशी रुंद होत नाही. नायट्रिकसारखी जाड, फाटकी रेघ त्यात मिळत नाही. तेव्हा गडग्यासाठी सुई बदला. डोंगराला बारीक टोक, गडग्याला बोथट टोक किंवा एशॉप (तिरकं कापलेल्या टोकाची सुई). एकाच सुईने सगळं काढलं तर तासभर चावूनही जवळची रेघ बारीकच राहील.

प्लेट ट्रेमध्ये तोंड वर करून ठेवत असाल तर ते बंद करा. फेरिकचा गाळ रेघांत बसतो आणि बाइट मध्येच थांबतो. कोपऱ्यांखाली मेणाचे किंवा प्लास्टिकचे छोटे टेकू लावून प्लेट पालथी ठेवा, खाली हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. उभी टाकी असेल तर उत्तमच.

आताची प्लेट वाचते. पांढरी खडूपूड आणि थोड्या अमोनियाने तेलकटपणा काढा, व्हिनेगर-मिठाच्या पाण्याने तांबं उजळवा. मग ग्राउंड रोलरने द्या. थर पातळ आणि रोलर कडक असला तर ग्राउंड फक्त पृष्ठभागावर बसतं, जुन्या रेघा उघड्या राहतात. डोंगर आणि दलदल झाकून फक्त गडग्याच्या रेघा पुन्हा चावू द्या. बुजलेल्या रेघा तशाच सोडा, सगळ्या उघडत बसू नका. डोंगर जिथे जड वाटतात तिथे तेलाचा थेंब टाकून बर्निशर (तांबं घासून गुळगुळीत करायचं हत्यार) फिरवा.

पागोळी:

ताम्रपटांच्या बाइटबद्दल काही बोलायचं नाही. पण गडग्याचा काळा पट्टा नुसत्या ॲसिडने सुटणार नाही, तो रेखाटनाचा प्रश्न आहे.

कोनेमारा आणि अरन बेटांवरचे बरेचसे गडगे एकेरी असतात, म्हणजे एका दगडाच्या जाडीचे, मध्ये चुना-माती काही नाही. दगडांमधून आरपार दिसतं आणि वाराही त्यातून जातो. म्हणून गडग्याच्या माथ्याजवळ, जिथे मागे आभाळ आहे, तिथल्या फटी पांढऱ्या असतात. खालच्या अर्ध्यात, जिथे मागे दलदल किंवा गवत आहे, तिथल्या फटी गडद. सगळ्या फटी काळ्या काढल्या की तो गडगा सिमेंटच्या भिंतीसारखा बंद होतो आणि कोनेमारा तिथेच संपतो. माथ्याच्या फटींत रेघ घालूच नका, कोरा कागद राहू द्या. दगडांच्या पुढच्या तोंडावर आडव्याउभ्या जाळीऐवजी एकाच दिशेच्या तुटक रेघा पुरतात.

दगड कुठला आहे तेही प्लेटवर उतरलं पाहिजे. दक्षिण कोनेमारात ग्रॅनाइट: गोलसर, ओबडधोबड, वर शेवाळ-दगडफुलाचे डाग. अरनवर आणि क्लेअर परगण्यातल्या बरेनवर चुनखडी: चपट्या फरश्या, कित्येकदा उभ्या रचलेल्या, कडा धारदार. ट्वेल्व्ह बेन्सच्या माथ्यावर क्वार्ट्झाइट उघडा पडलेला असतो आणि पावसानंतर ऊन आलं की तो चक्क पांढरा चमकतो. सर्वांत उंच शिखर ७२९ मीटरचं आहे. तिथे छाया भरत बसण्याऐवजी माथा मोकळा सोडून फक्त घळींत रेघा घाला. उजळ माथा करड्या आभाळावर ठेवला की डोंगर मागे जातो.

दलदलीतलं पीट कापतात ती कड अगदी सरळ आणि उभी असते, स्लान नावाच्या पंख असलेल्या कुदळीने कापलेली. ओली असताना ती चित्रातली सर्वांत काळी गोष्ट आहे, गडग्याच्या सावलीपेक्षाही काळी. तेव्हा दलदलीला सरसकट मधला बाइट देऊ नका. ही एक कड गडग्याबरोबरच पहिल्या ४० मिनिटांत घाला. वाळायला उभ्या केलेल्या पीटच्या विटा एकमेकींना टेकवून पाच-सहाच्या छोट्या चळतींत असतात. दूरवर त्या नुसत्या टिंबांसारख्या दिसतात, त्यांना आकार देऊ नका.

आणखी एक. छापल्यावर चित्र उलटं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण निसर्गचित्रात त्याकडे दुर्लक्ष होतं. तिथे वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, त्यामुळे उघड्यावरची हॉथॉर्नची झाडं ईशान्येकडे झुकलेली असतात. उत्तरेकडे तोंड करून काढलेलं चित्र सरळ प्लेटवर उतरवलं तर छापात समुद्र उजवीकडे जातो आणि झाड डावीकडे वाकतं. तिथल्या माणसाला ते लगेच खटकतं. क्रोह पॅट्रिक किंवा डोनेगलचा एरिगल अशा ओळखीच्या शिखरांबाबत तर विचारूच नका. ट्रेसिंग कागद उलटा करून उतरवा आणि काम करताना प्लेटसमोर आरसा ठेवा.

राळधूळ:

आभाळाबद्दल. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं राळेची आहेत, ॲसिडचा त्यात दोष दिसत नाही.

खरबरीतपणा: राळेच्या धुळीची पेटी हलवून लगेच प्लेट आत सरकवली की आधी जड कण पडतात. धूळ उडवल्यावर एक-दीड मिनिट थांबा, मग प्लेट आत घाला, ५ ते १० मिनिटं राहू द्या. भिंगातून पाहिलं तर साधारण निम्मा पृष्ठभाग झाकलेला दिसला पाहिजे. दमट शेडमध्ये राळ गुठळ्या धरते. वापरण्याआधी ती उबेला कोरडी करून बारीक कापडातून गाळा आणि प्लेटही किंचित कोमट करून पुसा. गार तांब्यावर न दिसणारं दव असतं.

फिकट पट्टे: त्या बाजूला राळ जास्त वितळली. कण पांढरे असतात ते पारदर्शक झाले की आच लगेच काढायची. पुढे गेलात तर कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो, ॲसिडला शिरायला जागा उरत नाही आणि छापात फिकट पट्टा येतो. प्लेट जाळीवर ठेवून खालून बर्नर सतत फिरता ठेवा, कडांपासून मध्याकडे. कडा आधी तापतात आणि डावी कड बहुधा अशीच गेली आहे.

राळेची धूळ फुफ्फुसांना वाईट आणि हवेत दाट झाली तर ठिणगीने भडकते. धुळीचा चांगला मास्क लावा, पेटीजवळ बर्नर नको.

जुन्या दाण्यावर दुसरा ॲक्वाटिंट देऊ नका. दोन दाणे एकमेकांत घुसतात आणि आभाळ चिखलासारखं होतं. आधी जुना उतरवा: खोल ठिपक्यांवर स्क्रेपर, मग ६०० आणि १२०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग बर्निशर आणि तेल, शेवटी धातूचं पॉलिश. हलका दाणा असेल तर स्क्रेपरची गरजही पडत नाही.

नव्या ॲक्वाटिंटसाठी वेळा दुपटीने वाढवा: ५ सेकंद, १०, २०, ४०, ८०. आयर्लंडच्या आभाळाला यातल्या पहिल्या तीनच लागतात. कोरे ढग आधीच स्टॉप-आउटने झाका. पण सगळ्या कडा ब्रशच्या झाल्या तर ढग कात्रीने कापल्यासारखे दिसतात. त्यावर दोन उपाय. एक, राळ वितळवून गार झाल्यावर लिथोच्या तेलकट खडूने ढगांच्या कडा घासा. खडू दाण्यांच्या टोकांवर बसतो आणि कड विरत जाते. दूरवर तिरकी पडणारी सर यानेच चांगली होते. दुसरा, स्पिट बाइट: त्या जागी आधी स्वच्छ पाणी पसरवा, मग फेरिकमध्ये डिंकाच्या पाण्याचा थेंब मिसळून ब्रशने आत सोडा आणि ब्रश हलता ठेवा. अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंत. थेंब एका जागी वाळू दिला तर त्याची कडा कायमची उमटते. ती नको असेल तर टिश्यूने टिपून घ्या आणि लगेच धुवा.

ताम्रपट:

राळधूळ यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. अर्धी प्लेट आभाळ असताना तिथे ॲक्वाटिंट द्यावाच का? एकदा पॉलिश करून आभाळ साफ केलं की ते तसंच ठेवा आणि छापताना शाईचा पातळ टोन सोडून काम भागवा. फार तर ढगाच्या खालच्या कडेला ड्रायपॉइंटच्या (ॲसिडशिवाय, थेट सुईने तांब्यात ओरखडलेल्या) चार रेघा.

जुन्या कामांचा प्रश्नही इथेच येतो. फ्रान्सिस सीमोर हेडन हे लंडनमधले शल्यचिकित्सक आणि चित्रकार व्हिस्लर यांचे मेहुणे. त्यांचं १८६३ सालचं ‘अ सनसेट इन आयर्लंड’ हे टिपररीमधलं दृश्य पाहा. एचिंग आणि ड्रायपॉइंट, आकार हाताच्या पंजाहून थोडा मोठा. झाडांचा मखमली काळोख ड्रायपॉइंटच्या बरमधून (सुईने रेघेच्या कडेला उचललेल्या तांब्याच्या कंगोऱ्यातून) आला आहे आणि आभाळात जवळजवळ काही नाही. आधी गडद, मग फिकट हा वर सांगितलेला क्रमही हेडन यांच्या पद्धतीतला. ते डच मॉर्डंट नावाच्या सौम्य ॲसिडच्या बाथमध्ये प्लेट बुडवून तिच्यावर थेट रेखाटत, त्यामुळे आधी काढलेली रेघ जास्त वेळ चावली जाई. फेरिक अपारदर्शक असल्याने आपल्याला प्लेट बाहेर काढून टप्प्याटप्प्याने तेच करावं लागतं.

राळधूळ:

उन्हाळी संध्याकाळीला कोरं आभाळ शोभतं, मान्य. पण रेघावळ यांच्या चित्रात डोंगर उजळ ठेवायचा असेल, जसं पागोळी सांगतात, तर त्याच्या मागे थोडा करडा हवाच. नुसत्या शाईच्या टोनवर तो फरक चाळीस प्रतींत सारखा राखणं फार कठीण आहे. क्षितिजालगतच्या चार बोटांत १० सेकंदांचा ॲक्वाटिंट, तो वर जाताना बर्निशरने विरवलेला, आणि त्यावरचं सगळं आभाळ कोरं. एवढ्यावर आपलं जुळेल असं वाटतं.

रेघावळ:

सगळ्यांचे आभार. क्षितिजापुरता ॲक्वाटिंट हा मार्ग पटला. आरसाही आणला, हॉथॉर्न खरंच उलटं वाकत होतं. आता छपाईबद्दल: प्लेट गार असल्याने शाई पुसताना टार्लटन (पुसायचं जाळीदार कापड) ओढतं आणि रेघांतलीही शाई निघते. टोन सोडायचा तर प्रती सारख्या कशा ठेवायच्या? आणि ड्रायपॉइंट केलाच तर किती प्रती निघतील?

ओलाकागद:

प्लेट साधारण ४० अंशांपर्यंत कोमट करून शाई भरा, हात ठेवल्यावर ऊब लागेल पण चटका बसणार नाही इतपत. शाई घट्ट असेल तर जवसाच्या प्लेट ऑइलचे दोन-तीन थेंब. त्याहून जास्त घातलं तर रेघेभोवती तेलाची पिवळी कड येते. कडक टार्लटन आधी हाताने चोळून मऊ करा, गोल फिरवत पुसा, शेवटचा हात हलका आणि आडवा. गडगा आणि पीटची कड तळहाताने साफ पुसा, डोंगरावर पातळ टोन सोडा, आभाळ पुन्हा साफ. पुसून झाल्यावर मऊ मलमलीचा तुकडा गडग्यावरून अलगद ओढला की रेघेतली शाई थोडी वर येते आणि दगड ओले दिसतात. हे फक्त पुढच्या भागात करा. सगळीकडे केलं तर डोंगर पुन्हा पुढे येतील.

प्रती सारख्या राहाव्यात म्हणून मनाजोगतं प्रूफ निघालं की ते समोर टांगा आणि त्याच्या समासात पुसण्याचा क्रम पेन्सिलीने लिहून ठेवा. प्रत्येक प्रत त्याच्याशी ताडून पाहा, आठवणीवर विसंबू नका. शाईत थोडा अंबर (तपकिरी रंग) मिसळून काळा उबदार करा. पीट आणि ग्रॅनाइट दोन्हींना तो मानवतो. हिरव्या शाईचा मोह टाळा, गडगा पोस्टकार्डावरचा होतो.

कागद २५० ते ३०० ग्रॅमचा सुती. सॉमरसेट किंवा हानम्यूलं अर्धा ते एक तास भिजवा, मग ब्लॉटरमध्ये (टिपकागदात) टिपा. पृष्ठभाग थंड लागला पाहिजे, चमकता कामा नये. चमक असेल तिथे शाई बसत नाही आणि पांढरे ठिपके येतात. आदल्या रात्री ओला करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलात तर ओल आणखी सारखी पसरते. प्लेटच्या कडा ४५ अंशांत कानशीने उतरवा, नाहीतर कागद फाटतो आणि प्रेसवरचं फेल्ट कापलं जातं. छापलेल्या प्रती ब्लॉटरमध्ये वजनाखाली वाळवा. तिकडच्या दमट हवेत ब्लॉटर रोज बदला, नाहीतर चार-पाच दिवसांत बुरशीचे डाग धरतात.

ड्रायपॉइंटचा बर तांब्यावर दहा-पंधरा प्रतींत बसायला लागतो. संपूर्ण आवृत्ती काढायची असेल तर बर ताजा असतानाच प्लेटवर स्टील फेसिंग (लोखंडाचा पातळ मुलामा) करून घ्या, किंवा आवृत्तीच लहान ठेवा. कलावंत-प्रती (क्रमांकांबाहेर चित्रकाराने स्वतःसाठी ठेवायच्या) आवृत्तीच्या साधारण दहा टक्के. खाली डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलीने.

पाहण्यासारखं: जॉर्ज ॲटकिन्सन यांनी शॅनन नदीवरच्या अर्डनाक्रशा वीजप्रकल्पाच्या बांधकामावर (१९२५ ते १९२९) एचिंग केली आहेत. शेतं कापून काढलेला कालवा, क्रेन आणि कोवळा प्रकाश असा ग्रामीण आयर्लंड दुसरीकडे क्वचितच दिसतो. एलिझाबेथ रिव्हर्स अरनवर राहिल्या. त्यांचं तिथलं काम लाकडी कोरीव ठशांचं आहे, पण एकेरी गडग्यातला उजेड कसा सोडायचा ते त्यातही कळतं. त्या आणि भारतात जन्मलेले पॅट्रिक हिकी हे दोघंही १९६० साली डब्लिनमध्ये ग्राफिक स्टुडिओ सुरू करणाऱ्यांपैकी. हिकी यांनी इटलीत उर्बिनोला एचिंग आणि लिथोग्राफी शिकून घेतली होती. स्टुडिओची गॅलरी टेंपल बार भागात आहे. तिथे आजच्या मुद्राचित्रकारांची कामं जवळून बघता येतात. मुद्राचित्रं भिंतीवर टांगलेली बघण्यापेक्षा हातात घेऊन तिरक्या उजेडात बघावीत, म्हणजे खोल चावलेल्या रेघेची शाई कागदावर किती उंच उभी राहते ते दिसतं. डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत रेखाचित्रं आणि मुद्राचित्रं पाहण्यासाठी आधी वेळ ठरवून जा.

राहता राहिलं वापरलेलं फेरिक. त्यात विरघळलेलं तांबं असतं, त्यामुळे ते मोरीत किंवा दलदलीच्या ओहोळात ओतू नका, तांबं माशांना मारतं. मोठ्या बादलीत घेऊन धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला. फेस येतो म्हणून बादली अर्धीच भरा. फेस येणं थांबलं की गाळ खाली बसू द्या आणि गाळ व पाणी दोन्ही घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रावर द्या.